कायदेशीर, बेकायदेशीर आणि जीवघेणे बॉल

हॉस्टेलची कुठलीही मॅच घ्या, इंटर-ब्लॉक असो की रविवारची दहा-दहा ओव्हरची, भांडण होणार ते दोनच गोष्टींवरून. एक, "हा बट्टा टाकतोय". आणि दोन, "बॉल कमरेच्या वर होता". एलबीडब्ल्यू आपण खेळतच नाही. रनआउटला दोन्हीकडचे अंपायर आपापल्या टीमच्या चष्म्यातून बघतात, त्यामुळे तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण या दोन मुद्द्यांवर सेकंड इयरची पोरं फायनल इयरवाल्यांनासुद्धा भिडतात. गंमत म्हणजे भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांना मूळ नियम काय आहे हे ठाऊकच नसतं. बट्टा म्हणजे हात वाकवून फेकणं, इतकंच. वाकवून म्हणजे किती, आणि कुठल्या क्षणी, हे कोणी विचारत नाही.

म्हणून मी नियम वाचायला घेतले. क्रिकेटचे नियम लंडनची एमसीसी ठरवते. ते एकूण ४२. त्यातला एकविसावा नोबॉलचा आणि एक्केचाळिसावा 'अनफेअर प्ले'चा, म्हणजे अनुचित खेळाचा. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'उसळता चेंडू', 'आखूड टप्पा' हे शब्द मी आजोबांकडून शिकलो. बाळ ज. पंडितांची रेडिओवरची मराठी कॉमेंट्री त्यांना अजून आठवते. इथे मात्र आपण ग्राउंडवर बोलतो तसंच बोलू. शुद्ध मराठीवाल्यांनी माफ करावं.)

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. 'बेकायदेशीर' आणि 'धोकादायक' या क्रिकेटमध्ये दोन वेगळ्या वह्या आहेत. काही बॉलांची नोंद एकीत आहे, काहींची दुसरीत, आणि दोन्हीत नाव असलेले फार थोडे. ज्या बॉलनी माणसांची डोकी फुटली, ते बहुतेक नियमात बसणारे होते. आणि ज्या बॉलरला जगभरच्या ग्राउंडवर 'नोबॉल' म्हणून हिणवलं गेलं, त्याच्या बॉलने कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

आधी किरकोळ गुन्हे आटपून घेऊ. पुढच्या पायाचा नोबॉल सगळ्यांना माहीत आहे. पायाचा थोडा तरी भाग पॉपिंग क्रीजच्या मागे हवा, मग तो जमिनीवर असो की हवेत. दोन टप्पे पडून आलेला बॉल नोबॉल. पूर्वी दोन टप्प्यांपर्यंत सूट होती, २०१७च्या नव्या नियमावलीत ती एकावर आली. २०२१च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये मोहम्मद हफीझच्या हातून बॉल निसटला, दोन टप्पे पडला, आणि डेव्हिड वॉर्नरने पुढे धावत जाऊन तोच सिक्सला मारला. अंडरआर्मही नोबॉल. १ फेब्रुवारी १९८१ला मेलबर्नमध्ये न्यूझीलंडला बरोबरी करायला शेवटच्या बॉलवर सहा हवे होते. तेव्हा ग्रेग चॅपेलने आपल्या सख्ख्या भावाला, ट्रेव्हरला, बॉल जमिनीवरून घरंगळत टाकायला सांगितलं. त्या दिवशी तो नियमात बसत होता, म्हणून तर एवढा गहजब झाला.

न सांगता हात बदलला तरी नोबॉल. आपल्या विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी स्पिन टाकतो. त्यालाही हात बदलताना अंपायरला सांगावं लागतं आणि अंपायर ते बॅट्समनला कळवतो. याच पठ्ठ्याने नोव्हेंबर २०२१मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध चार ओव्हर टाकून एकही रन दिला नव्हता. टी-ट्वेंटीत! असो.

या सगळ्यात धोका कोणालाच नाही. पाय वीतभर पुढे पडला म्हणून बॅट्समनला काय होणार? पण धोका नसला म्हणजे गुन्हा लहान, असंही नाही. ऑगस्ट २०१० या एकाच महिन्यात दोन प्रकार झाले. डंबुलामध्ये भारताला जिंकायला एक रन हवा होता आणि सेहवाग ९९वर होता. सूरज रणदीवने मुद्दाम भला मोठा नोबॉल टाकला. सेहवागने तो सिक्सला मारला, पण नोबॉलच्या एका रननेच मॅच संपल्यामुळे सेहवाग ९९वरच राहिला. श्रीलंका बोर्डाने रणदीवला एका मॅचसाठी बसवलं. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर मोहम्मद आमिर आणि मोहम्मद आसिफ यांनी पैसे घेऊन ठरलेल्या बॉलना पाय पुढे टाकला. ते दोघे आणि कॅप्टन सलमान बट नोव्हेंबर २०११मध्ये तुरुंगात गेले. आता नियम सांगतो की पाय मुद्दाम पुढे टाकलाय असं अंपायरला वाटलं, तर वॉर्निंग वगैरे काही नाही, त्या बॉलरची त्या इनिंगपुरती बॉलिंग बंद.

बट्टा

आता मुख्य विषय. नियम असा आहे: बॉल टाकताना हात खांद्याच्या पातळीला आला, की तिथपासून बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, थोडंही नाही आणि पूर्णही नाही. पुन्हा वाचा. हात वाकलेला नसावा असं यात कुठेही म्हटलेलं नाही. वाकलेला हात शेवटपर्यंत तेवढाच वाकलेला राहिला, तर बॉल शंभर टक्के कायदेशीर. गुन्हा आहे तो वाकलेला हात सरळ करण्याचा, कारण दगड किंवा भाला फेकताना आपण तेच करतो. कोपराचा झटका बसला की मनगटाला जादा वेग मिळतो.

हे ठरवायचं काम वर्षानुवर्षं अंपायरच्या डोळ्यांवर होतं. तो वीस यार्डांवर उभा राहून, क्षणभराच्या हालचालीवरून, एका माणसाचं करिअर संपवू शकत होता. आणि संपवलीही. १९६०मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जेफ ग्रिफिनने लॉर्ड्सवर हॅट्ट्रिक घेतली आणि त्याच इनिंगमध्ये त्याला फेकीबद्दल अकरा वेळा नोबॉल दिला गेला. मॅच लवकर संपली म्हणून प्रेक्षकांसाठी एक प्रदर्शनी मॅच ठेवली, तिच्यातही अंपायरने सोडलं नाही. शेवटी बिचाऱ्याने अंडरआर्म टाकून ओव्हर पूर्ण केली. पुन्हा तो टेस्ट खेळला नाही. डिसेंबर १९६३मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या इयान मेकिफला पहिल्याच ओव्हरमध्ये चार नोबॉल मिळाले. ती ओव्हर त्याची शेवटचीच. मॅच संपल्यावर त्याने क्रिकेटच सोडलं.

मग आला मुथय्या मुरलीधरन. २६ डिसेंबर १९९५, मेलबर्न, बॉक्सिंग डे टेस्ट. अंपायर डॅरेल हेअरने त्याला सात वेळा नोबॉल दिला. मुरलीने एंड बदलला. दुसऱ्या टोकाच्या अंपायरला, स्टीव्ह डनला, त्याच बॉलिंगमध्ये काहीच चूक दिसली नाही. बॉलर तोच, हात तोच, दिवस तोच. काही दिवसांनी वनडेत रॉस इमर्सनने मुरलीला लेगब्रेक टाकले तरी नोबॉल दिले. १९९९मध्ये ॲडलेडला पुन्हा इमर्सन, पुन्हा नोबॉल. या वेळी अर्जुन रणतुंगा टीमला घेऊन बाउंड्रीपर्यंत गेला आणि मॅच बराच वेळ थांबली.

मुरलीचा हात जन्मापासून कोपरात वाकलेला आहे, तो पूर्ण सरळ होतच नाही. मग अंपायरला तो सरळ होताना का दिसला? याचं उत्तर फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आहे. (होय, तोच विषय, ज्यात अर्ध्या हॉस्टेलची केटी आहे.) एक वाकवलेली सळई घ्या. कोन पक्का, बदलणारा नाही. आता ती हाताने फिरवत तिचा फ्रंट व्ह्यू बघा. वाकलेली बाजू कागदाच्या प्रतलात असेल तेव्हा सळई वाकडी दिसेल. तीच बाजू तुमच्या नजरेच्या रेषेत आली की सळई सरळ दिसेल. पुढे फिरली की पुन्हा वाकडी. सळईत काही बदललं नाही, बदललं ते प्रोजेक्शन. मुरलीचा खांदा आणि मनगट इतकं फिरतं की त्याचा कायम वाकलेला हात बघणाऱ्याला वाकडा-सरळ होताना दिसतो. टीव्हीचा कॅमेरा किंवा अंपायरचा डोळा म्हणजे एकच व्ह्यू. एका व्ह्यूवरून ऑब्जेक्ट काढता येत नाही, हे आपल्याला पहिल्याच सबमिशनला शिकवतात.

म्हणून लॅब आली. हातावर चमकणारे मार्कर चिकटवायचे, चारी बाजूंनी हायस्पीड कॅमेरे लावायचे आणि कॉम्प्युटरवर हात तीन मितींत उभा करून कोपराचा कोन मोजायचा. २००४मध्ये मुरलीच्या 'दूसरा'ची अशी तपासणी झाली. कोपर सरळ होण्याचं प्रमाण सुमारे १४ अंश निघालं, सुधारणेनंतर ते दहाच्या आसपास आलं. पण तेव्हा स्पिनरला परवानगी होती ५ अंशांची, मध्यमगतीला साडेसात आणि फास्टला १०. त्याच वर्षी मुरलीने हाताला पोलादी पट्ट्या असलेला ब्रेस बांधून, कोपर हलणारच नाही अशा अवस्थेत, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर आपले सगळे बॉल टाकून दाखवले. वळायचे ते तसेच वळले.

खरा धक्का पुढे होता. २००४च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत आयसीसीने सगळ्याच बॉलरांचं चित्रण तपासलं. जवळजवळ प्रत्येकाचं कोपर थोडंफार सरळ होत होतं. ग्लेन मॅकग्रासारख्या, ज्याच्या ॲक्शनकडे बोट दाखवायची कोणाची छाती झाली नसती, अशा बॉलरचंसुद्धा. म्हणजे नियम अक्षरशः लावला तर जगात बॉलरच उरला नसता. शेवटी १ मार्च २००५पासून सगळ्यांना एकच मर्यादा आली, १५ अंश. आकडा १५च का? त्याच्या आतलं सरळ होणं नुसत्या डोळ्यांना कळत नाही म्हणून. १५ अंश किती, हे बघायचं असेल तर ड्रॉइंगचे दोन सेटस्क्वेअर घ्या. एकाचा ४५चा कोन आणि दुसऱ्याचा ३०चा, यांच्यातला फरक.

'मुरलीसाठी नियम बदलला' असं म्हणणारे आजही भेटतात, आपल्या मेसमध्येही आहेत. मला ते पटत नाही. आपण वर्कशॉपमध्ये ५० मिलिमीटरचा शाफ्ट बनवतो तेव्हा तो नेमका ५० कधीच येत नाही. ड्रॉइंगवर टॉलरन्स दिलेला असतो. टॉलरन्स शून्य ठेवलात तर प्रत्येक शाफ्ट रिजेक्ट. क्रिकेटमध्ये शंभर वर्षं टॉलरन्स शून्य होता आणि मोजपट्टीच नव्हती. मोजपट्टी आली, मग टॉलरन्स आला. मुरली २०१०मध्ये गॉलला ८०० विकेट घेऊन निवृत्त झाला. त्या आठशेंबद्दल कोणाला जे म्हणायचं ते म्हणो.

पण नव्या पद्धतीत एक गोची आहे, ती लपवून चालणार नाही. अंपायर ग्राउंडवर १५ अंश मोजू शकत नाही. तो रिपोर्ट करतो आणि तपासणी नंतर लॅबमध्ये होते. तोपर्यंत विकेट पडलेल्या असतात, मॅच जिंकलेली असते. पाकिस्तानचा सईद अजमल वनडेत जगात एक नंबरचा बॉलर होता. सप्टेंबर २०१४मध्ये त्याच्यावर बंदी आली, कारण त्याचा प्रत्येक प्रकारचा बॉल १५च्या बाहेर निघाला. ॲक्शन सुधारून २०१५मध्ये तो परत आला, पण तो पूर्वीचा अजमल नव्हता. त्याआधी त्याला विकेट देऊन गेलेल्या बॅट्समननी काय करायचं? काही नाही. स्कोअरबोर्ड मागे फिरत नाही.

आपल्या ग्राउंडपुरतं सांगायचं तर, कोपर सरळ होताना उघड दिसलं, भाला फेकल्यासारखं, तर ओरडा. नुसता हात वाकडा आहे म्हणून एखाद्या स्पिनरला छळू नका.

कमरेच्या वर

बीमर म्हणजे टप्पा न पडता अंगावर येणारा बॉल. मला विचाराल तर क्रिकेटमधला सगळ्यात वाईट बॉल हाच. बॅट्समनची नजर बॉल सुटल्यावर खाली जाते, कारण टप्पा कुठे पडणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधत असतो. बीमरला टप्पाच नाही. बॅट्समन खाली बघत राहतो आणि बॉल छातीवर आलेला असतो. शिवाय टप्प्यावर जो थोडा वेग कमी होतो, तोही इथे होत नाही.

पूर्वी फास्ट बॉलरला कमरेची आणि स्लो बॉलरला खांद्याची मर्यादा होती. २०१७पासून सगळ्यांना कंबर. तेव्हा असा प्रत्येक बॉल धोकादायकच मानला जाई आणि लगेच वॉर्निंग मिळे. मग हातातून निसटलेल्या हळू फुलटॉसवर स्पिनरलाही वॉर्निंग मिळू लागली. म्हणून २०१९मध्ये सुधारणा झाली. आता कमरेच्या वरचा फुलटॉस नोबॉल आहेच, पण तो धोकादायक होता की नाही हे अंपायर वेगळं ठरवतो. धोकादायक असेल तर पहिली आणि शेवटची वॉर्निंग, पुन्हा टाकला तर त्या इनिंगमध्ये बॉलिंग बंद. म्हणजे नियमानेच दोन वह्या वेगळ्या केल्या. २००३च्या वर्ल्ड कपमध्ये जोहान्सबर्गला वकार युनूसने अँड्र्यू सायमंड्सला असे दोन बीमर टाकले आणि अंपायरने त्याची बॉलिंग थांबवली. सायमंड्सने त्या दिवशी नाबाद १४३ ठोकले.

कंबर म्हणजे नक्की कुठे, याचंही उत्तर नियमावलीत आहे. बॅट्समन ताठ उभा असताना पँटचा वरचा काठ साधारणपणे जिथे असतो तिथे. 'साधारणपणे' हा शब्द महत्त्वाचा. लो-वेस्ट घालून येणाऱ्यांनी फायदा घेऊ नये.

आणि मोजायचं कुठे? इथेच सगळी भांडणं होतात. बॉल बॅट्समनला जिथे लागला तिथली उंची मोजायची नाही. तो पॉपिंग क्रीजवर ताठ उभा असता, तर बॉल तिथून किती उंचीवरून गेला असता, ते बघायचं. २१ एप्रिल २०२४ला ईडन गार्डन्सवर हर्षित राणाच्या हळू फुलटॉसवर कोहली कॅच अँड बोल्ड झाला. बॉल लागला तेव्हा तो कमरेच्या वर होता, हे सगळ्यांनी पाहिलं. आमच्या कॉमन रूममध्ये त्या रात्री जो आरडाओरडा झाला तो गेटवरच्या वॉचमनकाकांनीही ऐकला असेल. पण कोहली क्रीजच्या बाहेर उभा होता. त्या सीझनला खेळाडूंच्या कमरेची उंची आधीच मोजून ठेवली होती. कोहलीची १.०४ मीटर. क्रीजवर बॉल आला असता ०.९२ मीटरवर. आउट. कोहली भडकला, त्याला मॅच फीच्या निम्मा दंड झाला आणि बंगळूर एका रनने हरलं.

हिशेब पटत नसेल तर करून बघा. बॉल ताशी १०० किलोमीटरने येतोय, म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. हवेतून कमान करत आलेला हळू फुलटॉस बॅट्समनपाशी पोचतो तेव्हा सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने खाली पडत असतो. एक मीटर पुढे जायला त्याला लागतात ०.०३६ सेकंद. तेवढ्यात तो पंधरा-वीस सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे बॅट्समन एक पाऊल पुढे आला असेल, तर त्याच्या बरगडीला लागलेला बॉल क्रीजवर कमरेखाली असू शकतो. सेकंड इयरच्या ज्या बॅट्समनना पुढे नाचत येऊन नंतर 'कमरेच्या वर' ओरडायची सवय आहे, त्यांनी हा पॅरेग्राफ दोनदा वाचावा.

डोक्यावरचा बॉल

आता दुसरी वही. आखूड टप्प्याचा उसळता बॉल, बाउन्सर. तो बेकायदेशीर नाही. कधीच नव्हता.

१९३२-३३मध्ये इंग्लंडच्या डग्लस जार्डिनने ब्रॅडमनला रोखायला हॅरॉल्ड लारवूडला लेग स्टंपच्या रोखाने शरीरावर बॉल टाकायला लावले आणि लेग साइडला फील्डरांचा गराडा उभा केला. हीच ती बॉडीलाइन. (हा जार्डिन जन्माने मुंबईकर, मलबार हिलचा. अभिमान बाळगायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.) ॲडलेडला वुडफुलला छातीवर लागला, ओल्डफील्डची कवटी फुटली. तरी एकही बॉल नियमाबाहेर नव्हता. नंतर नियम आला की लेग साइडला स्क्वेअरच्या मागे दोनपेक्षा जास्त फील्डर नकोत, नाहीतर नोबॉल. म्हणजे बॉल तोच ठेवला आणि कॅच घेणारे हात काढून घेतले.

१९७६ला किंग्स्टनच्या सबिना पार्कवर आपल्या टीमचं जे झालं ते कुठल्याही आजोबांना विचारा. होल्डिंग आणि डॅनियल अंगावर टाकत होते. अंशुमन गायकवाड ८१वर कानाला बॉल लागून हॉस्पिटलमध्ये गेला. विश्वनाथचं बोट मोडलं. ब्रिजेश पटेलला तोंडावर लागला. बेदीने ६ बाद ३०६वर डाव सोडला. दुसऱ्या डावात ९७वर पाचच विकेट पडल्या होत्या, पण खेळायला माणसंच उरली नव्हती. पाच जणांसमोर 'ॲबसेंट हर्ट'. गावसकरने 'सनी डेज'मध्ये या मॅचच्या प्रकरणाला 'बार्बरिझम इन किंग्स्टन' असं नाव दिलंय. अंपायरला अशा बॉलिंगमध्ये हस्तक्षेप करायचा अधिकार तेव्हाही होता. त्यांनी तो वापरला नाही.

मोजणी खूप नंतर आली. १९९१मध्ये आयसीसीने टेस्टमध्ये एका बॅट्समनला ओव्हरमध्ये एकच बाउन्सर अशी मर्यादा घातली, १९९४मध्ये ती ओव्हरला दोन झाली. आज टेस्ट आणि वनडेत दोन, आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत एक, आयपीएलमध्ये २०२४पासून दोन. पण यात मेख अशी की बाउन्सर म्हणून मोजला जातो तो खांद्याच्या वरून जाणारा बॉल. बरगड्यांवर आणि छातीवर सहाच्या सहा टाकले तरी मोजणी शून्य.

त्यासाठी नियमावलीत ४१.६ हे कलम आहे, आणि सगळ्या नियमांत मला हेच सगळ्यात शहाणं वाटतं. त्यात आकडा नाही. आखूड बॉल धोकादायक आहे का, हे ठरवताना अंपायरने बॉलचा वेग, टप्पा, उंची, दिशा हे बघायचं, आणि समोरच्या बॅट्समनला खेळता किती येतं तेही बघायचं. म्हणजे एकच बॉल ओपनरला कायदेशीर आणि अकराव्या नंबरला बेकायदेशीर असू शकतो. आणि बॅट्समनने हेल्मेट, गार्ड काय घातलंय ते अजिबात विचारात घ्यायचं नाही. 'हेल्मेट आहे ना, मग काय होतंय' हा युक्तिवाद नियमानेच बाद केलाय.

अकराव्या नंबरचं उदाहरण पाहिजे तर फेब्रुवारी १९७५, ऑकलंड. न्यूझीलंडचा शेवटचा बॅट्समन इवेन चॅटफील्ड. इंग्लंडच्या पीटर लिव्हरचा बाउन्सर त्याच्या डोक्याला लागला आणि पिचवरच त्याचं हृदय थांबलं. इंग्लंडचे फिजिओ बर्नार्ड थॉमस यांनी धावत येऊन ते पुन्हा सुरू केलं. लिव्हर रडत होता. त्याने कुठलाही नियम मोडला नव्हता.

फिलिप ह्यूजच्या बाबतीत तर हेल्मेटही होतं. २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी. तो ६३वर खेळत होता. शॉन ॲबटचा आखूड बॉल हुक करताना हुकला आणि हेल्मेटच्या खाली मानेला लागला. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली. दोन दिवसांनी तो गेला, सव्विसाव्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी असताना. २०१६च्या न्यायालयीन चौकशीत कोणालाही दोषी धरलं गेलं नाही. त्यानंतर हेल्मेटच्या मागे मानेचं संरक्षण आलं. २०१९पासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येऊ लागला.

आता आपल्या ग्राउंडचा हिशेब. सिझन बॉलचं वजन साधारण १६० ग्रॅम. ताशी १४०ने आला तर त्यात १२१ ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे एक किलोचं वजन चौथ्या मजल्याच्या उंचीवरून, १२ मीटरवरून, डोक्यावर पडल्यासारखं. 'आपल्याकडे कोण एवढा फास्ट आहे' असं म्हणाल. ठीक, १०० धरू. ६२ ज्यूल. एक किलो, सहा मीटर, दोन मजले. आणि आपल्याकडे सिझन बॉलने खेळताना अख्ख्या टीमला मिळून दोन हेल्मेट असतात, ती पहिल्या दोघांच्या डोक्यावर. आठवा-नववा-दहावा येतो तो टोपी घालून. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचं डोकं उघडं. आपली मॅटही एकसारखी ताणलेली नसते, गुड लेंग्थवरून बॉल नाकाशी येतो. तेव्हा इंटर-ब्लॉकच्या नियमांत दोन ओळी घाला: सिझन बॉलला हेल्मेट नसेल तर बॅटिंग नाही, आणि शेवटच्या चौघांना खांद्याच्या वरचा एकही बॉल टाकला तर नोबॉल. हे ४१.६ला धरूनच आहे. स्पोर्ट्स सेक्रेटरींनी कृपया नोंद घ्यावी.

दोन्ही वह्या एकाच मॅचमध्ये उघडल्या गेल्या, असंही एकदा झालंय. मार्च १९६२, बार्बाडोस. भारताचा कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर, वय २८, बार्बाडोसविरुद्ध साध्या टूर मॅचमध्ये ओपनिंगला आला. चार्ली ग्रिफिथचा आखूड बॉल त्याच्या उजव्या कानाच्या वर लागला. हेल्मेट यायला अजून पंधरा वर्षं होती. कवटी फुटली, मेंदूवर तातडीने ऑपरेशन झालं. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल पुढे आला, आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगरही. बंगालमध्ये ३ फेब्रुवारीला वॉरेलच्या नावाने रक्तदान होतं ते यामुळेच. त्याच मॅचमध्ये अंपायर कॉर्टेझ जॉर्डनने ग्रिफिथला फेकीबद्दल नोबॉल दिला. कॉन्ट्रॅक्टरला लागलेल्या बॉलला मात्र नाही, तो रेकॉर्डमध्ये कायदेशीरच आहे. कॉन्ट्रॅक्टर यांनी ग्रिफिथला कधी दोष दिला नाही. पॅव्हेलियनमध्ये कोणीतरी खिडकी उघडली आणि आपलं लक्ष गेलं, असंच ते सांगत आले. पुढच्या टेस्टला एकवीस वर्षांचा पतौडी कॅप्टन झाला. कॉन्ट्रॅक्टर नंतर फर्स्ट क्लास क्रिकेट खेळले, टेस्ट पुन्हा खेळले नाहीत. त्यांच्या कवटीत बसवलेली धातूची प्लेट मुंबईत ऑपरेशन करून काढली, ती २०२२मध्ये.